'करमत नाही' : मराठी कथनात्म साहित्यातील तरुण एकटेपण आणि समीक्षेची परिभाषा

१

मराठी कादंबरीतील तरुण नायकाविषयी लिहिताना आपल्या समीक्षेने गेल्या सहा दशकांत काही शब्द जवळजवळ सवयीने वापरले आहेत. एकाकीपणा, तुटलेपण, परात्मता, अस्तित्वाची निरर्थकता हे ते शब्द होत. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'च्या (१९६३) वाचनात ते स्थिरावले आणि पुढे कोणत्याही कादंबरीतला तरुण गप्प बसू लागला, घरापासून दूर राहू लागला किंवा परीक्षेत नापास झाला, की त्याच्यावर हीच परिभाषा लागू होऊ लागली. या परिभाषेचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. सार्त्र आणि काम्यू यांच्या लेखनाची ओळख होत असताना मराठी समीक्षेला नव्या कादंबरीविषयी गंभीरपणे बोलण्याचे साधन हवे होते, आणि ते तिला तेथे मिळाले. नायकाचे वागणे 'विक्षिप्तपणा' म्हणून निकालात काढणाऱ्या वाचकाला या परिभाषेने थांबवून विचार करायला लावले, हे तिचे कार्य लहान नाही.

परंतु पदव्युत्तर वर्गात 'कोसला' शिकविताना अलीकडे एक वेगळाच अनुभव येतो. पांडुरंग सांगवीकर 'अस्तित्ववादी नायक' आहे हे विद्यार्थी परीक्षेपुरते लिहितात. वर्गातल्या चर्चेत मात्र त्यांचे निदान निराळे असते. त्याला नैराश्य आले होते, त्याला समुपदेशनाची गरज होती, असे ते सहजपणे म्हणतात. एका पिढीने ज्याला तत्त्वज्ञान म्हटले त्याला दुसरी पिढी आजार म्हणते आहे. ही दोन वाचने परस्परविरोधी वाटली तरी त्यांच्यात एक साम्य आहे. कादंबरीत जे पानोपानी घडते, म्हणजे सकाळ होते, मेसमध्ये जेवण होते, दुपार जात नाही, मित्र येतात आणि जातात, संध्याकाळी टेकडीवर जाणे होते, ते ओलांडून दोन्ही वाचने एका मोठ्या नामापाशी पोहोचतात. नाम सापडले की दिवसाकडे पाहण्याची गरज उरत नाही.

तरुण माणसाची रोजची मनःस्थिती हा मराठी कथनात्म साहित्याचा एक समृद्ध प्रांत आहे. त्याला वेगवेगळ्या काळी 'प्रश्न', 'अस्तित्व' आणि 'आजार' अशी तीन नावे देऊन आपण त्याचे नेमके वाचन टाळत आलो, असे या लेखाचे म्हणणे आहे. हे म्हणणे तपासण्यासाठी प्रथम भाषेकडे वळणे सोयीचे होईल.

२

समीक्षेचे वाक्य 'तो एकाकी आहे' असे असते. येथे 'तो' हा कर्ता आणि 'एकाकी' हे त्याचे विशेषण. उंच, सावळा, गरीब यांच्यासारखाच एकाकीपणा हाही व्यक्तीचा गुण ठरतो. तो तिच्या आत असतो आणि ती जाईल तेथे तिच्याबरोबर जातो.

मराठी माणूस स्वतःविषयी बोलताना मात्र सहसा हे वाक्य वापरत नाही. तो म्हणतो, 'मला करमत नाही', 'मला कंटाळा आला', 'मन लागत नाही', 'काही सुचत नाही'. या रचनांत अनुभवणारा प्रथमेत येत नाही. तो चतुर्थीत, 'मला' असा येतो, किंवा वाक्यात दिसतही नाही. कंटाळा कुठून तरी येतो, आणि मी फक्त त्याच्या येण्याचे ठिकाण असतो. 'करमणे' या क्रियापदाला तर मूर्त कर्ताच नाही. पारंपरिक व्याकरणाने अशा क्रियापदांना भावकर्तृक म्हटले आहे, आणि 'उजाडले', 'सांजावले', 'मळमळते' ही त्यांची नेहमीची उदाहरणे. दिवस उगवणे, संध्याकाळ होणे, पोटात ढवळणे आणि करमेनासे होणे या गोष्टी मराठीने एका घरात ठेवल्या आहेत. मनःस्थिती ही हवेसारखी आहे, ती माणसाच्या आत किंवा बाहेर अशी वाटता येत नाही, हे आपल्या व्याकरणाला ठाऊक आहे.

या क्रियापदाचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की ते बहुधा नकारात वापरले जाते आणि त्याला स्थळाची किंवा माणसाची जोड लागते. नव्या गावात करमत नाही, वसतिगृहात करमत नाही, तुझ्यावाचून करमत नाही. सासरी गेलेल्या मुलीपासून शिकायला शहरात आलेल्या मुलापर्यंत सर्वजण हा शब्द वापरतात. म्हणजे ज्याला समीक्षा व्यक्तीचा गुण समजते तो बोलीच्या दृष्टीने व्यक्ती, जागा आणि वेळ यांच्यातला बिघडलेला संबंध आहे. ज्या शब्दाला नकाराशिवाय फारसा वावर नाही, त्याच्यापासून 'करमणूक' हे नाम झाले, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली सुरू केलेल्या साप्ताहिकाचे नाव 'करमणूक' होते आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' ही यमूची आत्मकथनात्म कादंबरी त्यातूनच क्रमशः प्रसिद्ध झाली. वाचकाला करमावे म्हणून निघालेल्या पत्राने त्याला एका तरुण स्त्रीचे न करमणे वाचायला दिले, अशी ही मराठी कादंबरीच्या आरंभाची गंमत आहे.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाशी या निरीक्षणाचा विरोध नाही. हायडेगर यांनी १९२७ च्या 'सत्ता आणि काळ' या ग्रंथात मनःस्थितीला केवळ मानसिक घटना न मानता जग आपल्याला प्रथम ज्या रीतीने भेटते ती रीत मानले. १९२९-३० च्या व्याख्यानांत त्यांनी कंटाळ्याचे जे दीर्घ विश्लेषण केले त्याचा आरंभ एका आडगावच्या रेल्वे स्थानकावर, पुढची गाडी यायला कित्येक तास असताना वाट पाहणाऱ्या माणसापासून होतो. तो वेळापत्रक पाहतो, रस्त्यावर फेऱ्या मारतो, झाडे मोजतो, पुन्हा घड्याळ पाहतो. आपल्या समीक्षेने या परंपरेतून 'शून्य', 'चिंता', 'निरर्थकता' ही नामे उचलली आणि स्थानक, घड्याळ व झाडे मागेच ठेवली. वास्तविक कादंबरीच्या वाचकाला उपयोगी पडणारा भाग तो होता.

३

या दृष्टीने 'कोसला'कडे पुन्हा पाहता येईल. सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्यात शिकायला येतो, वसतिगृहात राहतो, निरनिराळ्या मंडळांचा चिटणीस होतो, मेसचा कारभार अंगावर घेतो आणि त्यात पैशाने बुडतो, परीक्षांत अपयशी ठरतो आणि शेवटी गावी परततो. घटनांची ही यादी सामान्य आहे, आणि सामान्य असणे हा तिचा विशेष आहे. या कादंबरीत मोठा भाग अशा वेळेचा आहे की ज्या वेळेत काही घडत नाही आणि जी तरीही घालवावी लागते.

अशा वेळेचे कथन करणे ही अवघड वाङ्मयीन समस्या आहे, कारण कथन घटनांवर जगते. 'कोसला'ने ती शैलीच्या पातळीवर सोडविली. तिच्यातील 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' हे दोन शब्द इतके प्रसिद्ध झाले की त्यांची नक्कल एका पिढीने केली, आणि टीकाकारांनी त्यांची लकब म्हणून नोंद करून विषय संपविला. हे शब्द काय करतात? 'वगैरे' यादी अपुरी ठेवतो. पुढचे सांगण्याजोगे आहे, परंतु सांगण्याचा उत्साह नाही, आणि ऐकणाऱ्याला ते ठाऊकच असणार, असे तो सुचवितो. 'उदाहरणार्थ' याहून गमतीदार आहे. उदाहरणाला आधी नियम लागतो. सांगवीकर नियम न सांगता उदाहरणे देत जातो, किंवा जेथे नियमाची गरजच नाही तेथे हा शब्द पेरतो. परिणामी त्याच्या आयुष्यातील प्रत्येक गोष्ट कशाचे तरी उदाहरण होते, पण कशाचे ते कळत नाही. शिक्षण, घर, मैत्री, व्याख्याने यांना एकत्र धरून ठेवणारे सूत्र हरविल्याची भावना व्यक्त करायला त्याला 'अर्थहीनता' या शब्दाची गरज पडत नाही. एका क्रियाविशेषण अव्ययाच्या चुकीच्या जागी ती भावना बसते. सांगवीकरची भाषा 'मी एकाकी आहे' असे क्वचितच म्हणते, पण प्रत्येक वाक्यात करमत नसल्याची खूण ठेवते.

कथनाच्या रचनेतही हेच दिसते. गावातल्या मुक्कामाचा भाग रोजनिशीच्या वळणाने जातो. रोजनिशी ही दिवसाला महत्त्व देणारी वाङ्मयीन रीत आहे; काही घडो अथवा न घडो, तारीख येतेच. दुसरीकडे मित्राबरोबरच्या संभाषणात भविष्यातील इतिहाससंशोधक होऊन आपल्याच काळाचे उत्खनन करण्याचा खेळ आहे. एका रीतीत दिवस डोळ्यांच्या अगदी जवळ येतो, दुसरीत तो शतकांच्या अंतरावर जातो. या दोन अंतरांमधले जे साधारण अंतर, ज्या अंतरावरून माणसे आपले आयुष्य 'करिअर' किंवा 'संसार' म्हणून पाहतात, ते या निवेदकाला सापडत नाही. तारुण्यातील एकटेपणाचे इतके अचूक वर्णन मराठीत क्वचित झाले आहे, आणि ते वर्णन रचनेने केले आहे.

मनी या धाकट्या बहिणीचा मृत्यू आणि अजिंठ्याचा प्रवास हे भाग या साऱ्यापासून वेगळे काढावे लागतात. अस्तित्ववादी वाचनाने मृत्यूची जाणीव आणि रोजचा कंटाळा यांचा एकच धागा केला. आता रूढ होऊ पाहणारे वैद्यकीय वाचन शोकाला कारण आणि कंटाळ्याला लक्षण मानते. परंतु शोकाला विषय असतो. मनी गेली, हे त्याचे उत्तर. 'का करमत नाही' याला तसे उत्तर नसते. या दोन गोष्टींत भेद करणे हेच त्या कादंबरीचे भावनिक शहाणपण आहे. मनीविषयी बोलताना सांगवीकरच्या भाषेचा वेग आणि ताप बदलतो. तेथे थट्टेचा आडोसा पुरत नाही, हे त्याला कळते आणि वाचकालाही. एका शब्दाखाली दोन्ही अवस्था घातल्या की समीक्षेला हा बदल ऐकू येत नाही.

४

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो घेतला पाहिजे. सांगवीकरचा रिकामा वेळ कोणाच्या पैशावर चालतो? वडिलांच्या. गावातील सधन, वजनदार वडील पैसे पाठवितात, मुलगा ते उडवितो, आणि या व्यवहारातून बाप-लेकांचा संघर्ष उभा राहतो. कंटाळा येण्यासाठी पोट भरलेले असावे लागते, असे कोणी म्हटले तर ते सर्वस्वी खोटे नाही. 'कोसला' हे लपवीत नाही. मेसचा हिशेब, उधारी, घरून येणारे पैसे यांची इतकी दखल घेणारी दुसरी 'अस्तित्ववादी' कादंबरी दाखविणे कठीण जाईल. लपविले ते समीक्षेने. अस्तित्वाला हिशेबाची वही नसते म्हणून तिने ती वही बाजूला ठेवली.

भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'मध्ये (१९६५) हीच वेळ मुंबईच्या नाक्यावर उभी आहे. पोक्या आणि त्याचे सोबती यांच्याजवळ वसतिगृहाची खोली नाही, वडिलांची शेती नाही. आहे तो नाका. नाका ही एकट्याने उभे राहण्याची जागा नव्हे, म्हणून 'एकाकी' हे विशेषण कोणाला सुचले नाही. आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावर कठोर हल्ला केला, आणि त्यानंतरची बरीच चर्चा अश्लीलता आणि वास्तववाद या दोन टोकांत फिरत राहिली. परंतु त्या पोरांचे अखंड बोलणे, येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींविषयीची त्यांची भाषा, एका हकिकतीतून दुसऱ्या हकिकतीत जाणारे निवेदन, यांच्या तळाशी दिवस न जाण्याचीच भीती आहे. सांगवीकर बोलणे टाळून वेळ सोसतो, पोक्या बोलून तो मारतो. त्यांच्या या 'टाइमपास'मधील क्रौर्य ज्यांच्या वाट्याला येते त्या मुलींना मात्र या कथनात स्वतःचा आवाज जवळजवळ नाही. मनःस्थितीचे वाचन करताना तिची किंमत कोण मोजते हेही वाचावे लागते.

प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९) हे आत्मकथन या संदर्भात आवर्जून वाचण्यासारखे आहे. लहानपणी आईवडील गेलेला, बहिणीच्या आश्रयाने वाढलेला आणि उपासमारीतून शिकत राहिलेला हा मुलगा सांगवीकरइतकाच, किंबहुना त्याहून अधिक एकटा आहे. तरीही दलित आत्मकथनांच्या समीक्षेने या लेखनातील एकटेपणाचा विचार मुख्यत्वे जातिव्यवस्थेचा दाखला म्हणून केला. तो दाखला आहेच. परंतु भूक लागलेल्या मुलाची दुपार, दुसऱ्याच्या घरी जेवायला मिळेल की नाही या विचारात जाणारी संध्याकाळ, यांनाही स्वतःची अशी मनःस्थिती असते. सवर्ण नायकाला 'अस्तित्व' द्यायचे आणि दलित निवेदकाला 'वास्तव' द्यायचे, ही वाटणी आपण फारसा विचार न करता केली. मनःस्थिती हा सर्वांचा अधिकार आहे. तिच्या साधनसामग्रीत मात्र विषमता आहे. ही दोन्ही विधाने एकत्र धरता आली तरच समीक्षा न्यायाने वाचू शकेल.

५

अशीच एक वाटणी स्त्रियांच्या लेखनाबाबत त्याही आधी झाली होती. 'कोसला'च्या तीस वर्षे आधी, १९३३ साली, विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. लेखिका बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर, कर्व्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या परंपरेत घडलेल्या होत्या. शिकलेल्या, मिळवत्या, लग्नाचे वय टळत चाललेल्या मध्यमवर्गीय मुलींचे अंतरंग या कथांनी इतक्या मोकळेपणाने मांडले की मोठा गदारोळ झाला आणि टोपणनावाआड कोण आहे याचा शोध सुरू झाला. या संग्रहाचे वर्गीकरण तेव्हापासून ठरलेले आहे : सुशिक्षित प्रौढ कुमारिकांचा प्रश्न. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' या कथेचे शीर्षकच प्रश्नार्थक असल्याने वाचकालाही तो मार्ग सोपा वाटला.

प्रश्न म्हटला की त्याचे उत्तर असते. कायदा करावा, हुंडा थांबवावा, स्वतंत्र मिळकतीला मान द्यावा. ही उत्तरे आवश्यकच होती. परंतु या मुलींचे निःश्वास उत्तर मिळेपर्यंतच्या काळात सोडलेले आहेत, आणि तो काळ म्हणजेच त्यांचे तारुण्य. शाळेतून शिकवून परत येणे, घरात आपल्या पगारावर चाललेला संसार पाहणे, मैत्रिणीच्या बाळाला खेळविणे, रात्री अंथरुणावर पडून राहणे, या दिनक्रमात त्यांचे वय जाते. ही माणसे एकांतात नाहीत. घर भरलेले आहे, कर्तव्ये भरपूर आहेत. खोलीचे दार लावून घेण्याची सोय त्यांना नाही, आणि टेकडीवर रात्री हिंडण्याची तर नाहीच. मराठी समीक्षेने एकटेपणाची जी प्रतिमा 'कोसला'वरून घडविली, तिच्यात एकटे असण्याची मुभा गृहीत धरलेली आहे. ज्यांना एकांतही मिळत नाही त्यांचे एकटेपण त्या प्रतिमेत बसले नाही, म्हणून ते 'प्रश्न' या खात्यावर जमा झाले.

शीर्षकातील शब्द येथे पुन्हा मदतीला येतो. निःश्वास म्हणजे आक्रोश नव्हे, निषेधाचे भाषणही नव्हे. ते शरीराने नकळत केलेले, वाक्य होण्याआधीचे उच्चारण आहे. 'मला करमत नाही' याच्याही अलीकडची ती अवस्था. पुढच्या समीक्षेने तिला प्रश्न बनवून बोलते केले, परंतु त्या घाईत श्वासाचा आवाज हरवला.

६

सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्ल्यू' (२००६) या कादंबरीत हे दोन प्रवाह एकाच घरात येऊन मिळतात. पुण्यातील मध्यमवर्गीय कुटुंबात एक तरुण भाडेकरू राहायला येतो. घरातला मुलगा तनय आणि मुलगी अनुजा, दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. अनुजा त्याच्याबरोबर घर सोडते आणि काही काळाने एकटी परतते. तो दोघांच्याही आयुष्यातून निघून गेलेला असतो आणि कादंबरी त्याला नाव देत नाही. निवेदनाचे दोन भाग आहेत, आधी भावाचा, मग बहिणीचा, आणि दोन्ही एकाच अनुपस्थितीभोवती फिरतात.

तनयचे निवेदन निघून गेलेल्या माणसाला 'तू' म्हणून उद्देशून आहे. सांगवीकर आपली हकिकत कोणा एकाला सांगत नाही, सर्वांनाच सांगतो. तनयला मात्र एकच श्रोता आहे आणि तोच ऐकायला नाही. या व्याकरणिक निवडीत त्याच्या एकटेपणाचा सारा आकार आहे. ही कादंबरी आली तेव्हा समलिंगी संबंध कायद्याने गुन्हा होते. सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांमधील परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले ते २०१८ मध्ये. तनयचे दुःख घरात कोणाला सांगता येत नाही, म्हणून त्याला नावही मिळत नाही. तो घरातच असतो, जेवतो, फिरतो, आणि त्याच्या मनात काय चालले आहे याची कोणाला शंका येत नाही. अनुजाचे उलट आहे. तिचे जाणे आणि येणे हा उघड कौटुंबिक पेच आहे. तिच्याकडे सर्वांचे लक्ष आहे, तिचे काय करायचे याची सर्वांना काळजी आहे. म्हणजे तीच माणसे, तेच जेवणाचे टेबल, तोच गेलेला माणूस. परंतु मुलीचे दुःख 'प्रश्न' होते आणि मुलाचे दुःख काहीच होत नाही.

कादंबरीची ताकद अशी की ती या दोघांना एकमेकांजवळ आणून सांत्वन घडवीत नाही. वाचकाला दोन्ही निवेदने ठाऊक होतात. शेजारच्या खोलीत जे चालले आहे ते भावाबहिणीच्या नजरेतून मात्र निसटत राहते. एकटेपण म्हणजे माणसांचा अभाव, ही समजूत यापेक्षा परिणामकारकपणे क्वचितच खोटी पाडली गेली असेल. येथे कमतरता माणसांची नाही, आपले दुःख ज्या वाक्यात मावेल त्या वाक्याची आहे.

७

आता आरंभी उल्लेखिलेल्या वर्गाकडे परत येतो. तरुणांचे एकटेपण हा आज जागतिक चिंतेचा विषय झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२३ मध्ये सामाजिक संबंधांविषयी स्वतंत्र आयोग स्थापन केला, ही त्याची एक खूण. विद्यार्थी जेव्हा सांगवीकरविषयी 'नैराश्य' हा शब्द वापरतात तेव्हा ते या नव्या जाणिवेतून बोलत असतात, आणि त्यांना हसण्याचे कारण नाही. माझ्या पिढीला हा शब्द नीट वापरता येत नव्हता, त्यामुळे आमच्यातील काहींना मदत मिळाली नाही, हे मान्य केले पाहिजे. आजारी माणसाला डॉक्टर हवा. त्याच्या हातात कादंबरी देऊन समीक्षकाने मोकळे होऊ नये.

तरीही वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे एक भेद सांभाळावा लागतो. प्रत्येक 'करमत नाही'ला आजार म्हटले तर दोन्हीकडून नुकसान होते. ज्याला खरोखर उपचार हवेत त्याचे दुःख सरसकट शब्दात बुडून जाते, आणि ज्याला केवळ आपला दिवस कसा गेला हे सांगायचे आहे त्याच्याजवळ सांगण्याची भाषा उरत नाही. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या, डबा लावून अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्या एका विद्यार्थ्याने वर्गात एकदा सांगितले होते, की सांगवीकरला काय झाले आहे हे त्याला कळत नाही, पण त्याचा दिवस कसा जातो हे नेमके कळते. इतकी वर्षे 'कोसला' शिकवून मला जे मांडता आले नव्हते ते त्याने एका वाक्यात मांडले. 'काय झाले आहे' हा निदानाचा प्रश्न, मग निदान तत्त्वज्ञानाचे असो, समाजशास्त्राचे असो वा वैद्यकाचे. 'दिवस कसा जातो' हा कादंबरीचा प्रश्न.

अवधूत डोंगरे यांच्या साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालेल्या पुस्तकाचे नाव 'स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट' (२०१२) असे आहे. या शीर्षकात अस्तित्व नाही, परात्मता नाही, नैराश्यही नाही. 'फालतू' हा चहाच्या टपरीवरचा शब्द आहे, आणि 'समजण्याची गोष्ट' म्हणजे कथनाची कबुली आहे. सर्जनशील लेखकाने आपल्या अवस्थेसाठी बोलीतला शब्द निवडला. समीक्षेने निदान तो शब्द ऐकण्याइतका वेळ थांबावे, एवढी अपेक्षा गैर ठरू नये.

'कळ्यांचे निःश्वास'पासून 'कोबाल्ट ब्ल्यू'पर्यंतच्या सत्तरपेक्षा अधिक वर्षांत मराठी लेखकांनी तरुण माणसाच्या दिवसाची जी नोंद ठेवली आहे ती निःश्वासात, 'वगैरे'त, नाक्यावरच्या बडबडीत, भुकेच्या दुपारीत आणि न ऐकणाऱ्याला म्हटलेल्या 'तू'मध्ये आहे. ती परिभाषेत नाही, वाक्यरचनेत आहे. म्हणून तिचे वाचनही वाक्यापासून सुरू व्हायला हवे. पांडुरंग सांगवीकरला कोणते नाव द्यावे हा वाद चालू राहील, आणि राहावा. परंतु नाव देण्यापूर्वी त्याच्याबरोबर एक दुपार काढण्याची तयारी समीक्षकाने दाखविली पाहिजे. तेवढ्याने त्याला करमेल असे नाही. तो काय सांगत होता ते मात्र आपल्याला ऐकू येईल.